सगळ्यांच्या आधी पाहणारा

आलापल्ली, लाकूड डेपोजवळचा तळ
९ जानेवारी १९५५

दसरूभाऊ यास इब्राहीमचा सलाम. वहिनींना नमस्कार.

चांद्याच्या टॉकीजात मला शोधलं असशील तर मशीनच्या खोलीत दुसरंच कोणी दिसलं असेल. मी नोकरी सोडलेली नाही, दोन-तीन महिने उसना दिला गेलो आहे. मुंबईची एक सिनेमा कंपनी इथल्या जंगलात उतरली आहे. तीस तंबू, चार आचारी, आणि हिरॉईनच्या दुधासाठी एक वेगळी गाय. त्यांचा मशीनवाला बल्हारशाला उतरला तो तापानं फणफणतच, म्हणून आमच्या मालकाकडे माणूस मागितला आणि मालकानं मला ट्रकवर बसवलं.

माझं काम ऐक, म्हणजे तुझ्या खेळाच्या मंडळीत चार लोकांना सांगता येईल. इथं रोज जे चित्र काढतात त्याचे डबे ट्रकनं बल्हारशाला आणि तिथून रेल्वेनं मुंबईला जातात. तिथं धुऊन, छापून दहा-बारा दिवसांनी परत येतात. मग जंगलखात्याच्या गोदामाच्या खिडक्यांना पोती लावून भरदिवसा अंधार करायचा, भिंतीवर चादर ताणायची आणि मी ते डबे चालवून दाखवायचे. बघायला डायरेक्टर साहेब, कॅमेरावाले आणि आणखी चार-पाच जण. याला हे लोक रशेस म्हणतात. त्यात आवाज नसतो बरं का. आवाज वेगळ्या रिळावर असतो आणि तो मुंबईत शेवटी जोडतात. त्यामुळे गोदामात सगळे नुसते ओठ हलवतात आणि ऐकू येते माझ्या मशीनची किरकिर. बघून ठरतं, काय ठेवायचं, काय पुन्हा काढायचं. म्हणजे साऱ्या हिंदुस्थानाच्या आधी सिनेमा कोण पाहतं? नूर मोहम्मद गॅसबत्तीवाल्याचा पोरगा. आता मला जरा मानानं बोलत जा.

मुद्द्याचं पुढं आहे. डायरेक्टर साहेब दिवाळीनंतर जागा बघायला फिरत होते तेव्हा सावलीच्या मंडईच्या जत्रेत त्यांनी तुमच्या दंडारीचा खेळ पाहिला. परवा मला विचारलं, वो रानी का पार्ट करनेवाला आदमी कौन है? मी म्हटलं, साहेब, तो माझा भाऊ आहे. दहा वर्षं त्याच्या स्टेजच्या कडेला बसून गॅसबत्तीत हवा भरली आहे, आणि राणीचा विलाप आला की दर वेळी माझा हात थांबून बत्ती मंद झाली आहे. त्यांना तो विलाप जसाच्या तसा सिनेमात हवा आहे. गोष्ट अशी की एका बाईचं लेकरू जंगलात हरवतं, त्याच दिवशी गावात दंडार असते, आणि स्टेजवरची राणी मेलेल्या लेकरासाठी रडताना ती बाई ऐकते.

नाही म्हणू नकोस. ट्रक गडचिरोलीपर्यंत येईल.

तुझा
इब्राहीम


व्याहाड, पोस्ट सावली
१७ जानेवारी १९५५

इब्राहीम यास दसरूचा रामराम.

तुझं पत्र आलं आणि मंडळीत दोन तट पडले. पेटीवाला इसरू म्हणतो, "जा गा, आपल्या दंडारीचं नाव होईन." बाकीचे म्हणतात, मंडईचे दिवस आहेत, तीन गावांना शब्द दिला आहे, राणीशिवाय खेळ म्हणजे मिठाशिवाय वरण. मीही नाही म्हणणार होतो. मला माणसं समोर लागतात. पहिल्या रांगेतल्या बायांचा पदर डोळ्यांकडे गेला की मला सूर बरोबर लागल्याचं कळतं. तुमच्या त्या कॅमेऱ्याच्या पेटीला ना डोळे ना पदर.

पण घरात वेगळंच झालं. आमचं पोर गेल्याला येत्या श्रावणात सहा वर्षं होतील. तेव्हापासून गुणाबाई माझा एकही खेळ पाहायला आली नाही, हे तुला माहीत आहे. ती म्हणते, "खोट्या लेकरासाठी तुमी रोज रडता, मले पायवत नाई." मी तिला कधी जोर केला नाही. खरं तर त्याच्यासाठीच मी विलाप करतो, राणीच्या लेकरासाठी नाही. पण हे तिला कोणत्या तोंडानं सांगायचं? तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं तर कांडण थांबवून म्हणाली, "सिनेमात असन तं पायीन. तिथी एकदाच रडसान, रोज रोज नाई."

म्हणून येतो. दुसरं काही कारण नाही. तिनं एकदा पाहावं, एवढंच.

मात्र एक अट. तिथं पदर डोळ्याला लावणारं कोणी नसणार. तू मला दहा वर्षं बाजूनं पाहिलंस, आता पहिल्यांदा समोरून पाहशील. जे दिसेल ते सांग. वाईट असेल तर वाईट म्हण, मी पुन्हा करायला लावीन. खोटं गोड नको.

दसरू


व्याहाड
६ फेब्रुवारी १९५५

इब्राहीम यास रामराम.

सुखरूप पोचलो. चार दिवस तळावर तुझ्या तंबूत तुझं घोरणं ऐकलं, पण नीट बोलणं झालं नाही. तू आपला मशीनच्या तेलपाण्यात.

पत्र्याच्या मोठमोठ्या फळ्यांनी तोंडावर ऊन मारतात आणि वर रड म्हणतात, हे मी जन्मात विसरणार नाही. पहिल्या दोन वेळा माझं मन लागलं नाही. तिसऱ्या वेळी लागलं. मी डोळे उघडले तेव्हा डायरेक्टर साहेबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. मी समजलो, झालं.

गुणाबाई रोज विचारते, "आला का डबा?" जसं काही डब्यात लाडू येणार आहेत. आला की लगेच लिही.

दसरू


आलापल्ली
२० फेब्रुवारी १९५५

दसरूभाऊ यास सलाम.

डबा आला. काल दाखवला. चांगलं आहे. सगळे गप्प बसून बघत होते. तुझा तुकडा संपल्यावर डायरेक्टर साहेब उठून माझ्या मशीनपर्यंत आले, आणि ते असं कोणाच्या वेळी करत नाहीत, एवढं सांगतो. वहिनींना सांग, त्यांनी पाहावं असंच झालं आहे.

तुझं काम इतकं आवडलं की आणखी एक तुकडा घ्यायचं ठरलं आहे. राणी डोक्यावर घागर घेऊन धानाच्या बांधीच्या अरुंद धुऱ्यावरून पळते. चार-पाच मार्चला ट्रक येईल, नाही म्हणू नकोस.

इकडे उकडायला लागलं. काल नाल्यावर वाघाचे पंजे दिसले तर हिरॉईननं गाय स्वतःच्या तंबूजवळ बांधायला लावली. वाघाला तेवढंच सोयीचं. बाकी ठीक.

इब्राहीम


व्याहाड
१४ मार्च १९५५

इब्राहीम यास रामराम.

तुझं मागचं पत्र मी गुणाबाईला तीनदा वाचून दाखवलं. "पाहावं असंच झालं आहे" या ओळीवर तिनं मला दर वेळी थांबवलं. त्या दिवशी तिनं पोराचं झबलं पेटीतून काढून उन्हात घातलं. सहा वर्षांत ती पेटी उघडली नव्हती. तुझे उपकार कसे फेडू?

पण या खेपेचं मला काही समजलं नाही. घागर घेऊन पळ म्हणाले. पळालो. धुरा निसरडा केला होता, पडलो. मी म्हटलं, माफ करा, पुन्हा करतो. तर म्हणाले, बहुत अच्छा, फिर गिरो. पाच वेळा पाडलं. तळावरचे लोक तोंडात रुमाल कोंबून हसत होते. राणी लेकरासाठी रडते, ती चिखलात कशाला पडेल? मी विचारलं तर एक जण म्हणाला, दुःखानं तिचं भान हरपलं आहे. मग म्हटलं, असेल. दुःखानं माणूस पडतो, हे मी पाहिलं आहे.

तू गोदामातून बाहेर आला नाहीस. दोनदा निरोप पाठवला, तर मशीन उघडलं आहे म्हणालास. निघताना ट्रकजवळही नव्हतास. माझं काही चुकलं का?

दसरू


आलापल्ली
२९ मार्च १९५५

दसरूभाऊ,

तुझं काही चुकलं नाही. सिनेमा तुकड्या-तुकड्यांनी काढतात, नंतर कुठला तुकडा कुठं लागेल ते काढणाऱ्यालाही ठाऊक नसतं. डोक्याला त्रास करून घेऊ नकोस.

तळ आठवड्यात उठतो आहे. डायरेक्टर साहेबांनी मला मुंबईला चल म्हटलं आहे. त्यांच्या स्टुडिओत असंच रोजचं काम दाखवायची पक्की खोली आहे, तिथं ऑपरेटर म्हणून. अब्बा हो म्हणाले. जाऊन राह्यलो.

पत्ता मागाहून कळवीन.

इब्राहीम


मुंबई
२५ ऑक्टोबर १९५५

दसरूभाऊ यास सलाम.

सात महिन्यांत पत्र नाही म्हणून रागावला असशील. काम फार असतं.

सिनेमा तयार झाला. दिवाळीच्या आठवड्यात चांद्याला लागेल असं इथं ऑफिसात ऐकलं. तुझ्या कानावर येईलच म्हणून मीच सांगतो. पण माझं ऐकशील तर जाण्याची घाई करू नकोस. चांद्याची मशीन जुनी, पडदा मळका. चांगली चीज वाईट ठिकाणी पाहू नये. वहिनींना इतक्या लांब त्रास कशाला? शिवाय पुष्कळ कापाकापी झाली आहे, पिक्चर लांब झालं होतं म्हणून. मी सुट्टीवर आलो की आपण बोलू.

इब्राहीम


व्याहाड
२ नोव्हेंबर १९५५

इब्राहीम यास दसरूचा रामराम.

मुंबईचं पाणी लागलं वाटतं तुला. ज्या मशीनवर वाढलास तिलाच नावं ठेवायला लागलास. आम्ही तुझ्या त्याच मशीनवर पाहणार. मळक्या पडद्याची आम्हाला सवय आहे, आमचा तर जुन्या लुगड्याचा असतो.

माझं काम कापलं असेल, हे सांगायला तुला जड जात असणार, मला समजतं. अरे, चार ओळी राहिल्या तरी पुष्कळ. तिला तेवढंच पुरे. मंडळीनं मंडईचा पहिला खेळ पुढं ढकलला आहे. भाऊबीज झाली की चार बैलगाड्या मूलपर्यंत, तिथून छोट्या रेल्वेनं चांदा. गुणाबाईनं नवं लुगडं बाजूला काढून ठेवलं आहे. ज्या बाईला सहा वर्षं मी अंगणाबाहेर नेऊ शकलो नाही, ती आता मलाच विचारते, "गाडीत बसाले तणस टाकली का?"

तू असतास तर बरं झालं असतं.

दसरू


व्याहाड
३० नोव्हेंबर १९५५

इब्राहीम,

आम्ही एकतीस माणसं होतो. दुपारचा खेळ. पुढचे तीन बाक आमचेच.

मध्यंतरानंतर पडद्यावर मी आलो. तोंड उघडलं आणि आतून पिपाणी वाजली. माझा आवाज कुठंच नव्हता. छाती पिटायचे हात धरलेल्या कोंबडीच्या पंखांसारखे फडफडत होते. मान टकटक हलत होती. जे मी सावकाश, दम राखून करतो ते सगळं भरभर झालं. मग घागर घेऊन पळालो, पडलो, उठलो, पडलो, उठलो, पडलो. पाचही वेळा ठेवलं आहे. काही कापलेलं नाही. हिरो झाडाला टेकून हसतो आणि त्याच्यासोबत सारं टॉकीज हसतं. माझ्या शेजारी इसरू बसला होता. बारा वर्षं माझ्या रडण्याला त्यानं सूर दिला आहे. तोही हसला, मग त्यानं तोंडावर दुपट्टा घेतला. त्याला मी दोष देत नाही, ते हसण्यासारखंच केलं होतं.

एवढ्यावर संपलं असतं तरी मी गिळलं असतं. गेल्या मंगळवारी सावलीला मंडईचा खेळ झाला. राणी पुढं आली. मी श्वास घेतला आणि मागून कोणीतरी म्हणालं, "पाय पाय, आता पडते थे." मांडव हसला. मी विलाप सुरू केला, हसू थांबेना. बायाही हसल्या, त्याच बाया. मी आत निघून आलो आणि इसरूनं लावणी सुरू केली. वीस वर्षांत राणी अर्ध्यातून कधी परतली नव्हती. आता मी कितीही चांगला रडलो तरी लोक पडण्याची वाट पाहणार. हे तुमच्या कंपनीनं माझं कायमचं केलं.

सावलीचा वारलू तुमच्या तळावर आचाऱ्याच्या हाताखाली होता, आठवत असेल. माझा डबा दाखवला त्या दिवशी तो गोदामात चहा घेऊन आला होता. त्याला मी विचारलं. म्हणतो, "सारे गप्प नोते भाऊ. पयले एकजण हासला, मंग साऱ्याच कंपनीले हासू फुटलं." कोण हसला ते सांगत नाही, जमिनीकडे पाहतो.

तू लिहिलं होतंस, सगळे गप्प बसून बघत होते. ते पत्र माझ्यासमोर आहे. पहिला कोण हसला, एवढं मला लिही. खरं लिही.

दसरू


मुंबई
९ डिसेंबर १९५५

दसरूभाऊ,

मी हसलो.

तुझ्या पत्राला पाच दिवस झाले. चार उत्तरं लिहून फाडली. त्या चारांत दुसऱ्या कोणाचं तरी नाव होतं.

झालं ते सांगतो. कंपनीची मशीन मूकपटाच्या जमान्यातली होती. आवाजाचं काम नाही म्हणून जुनी आणलेली. तिला चाल कमी-जास्त करायची एक मूठ होती. आदल्या दिवशी पट्टा घसरत होता, चित्र मंद चालायचं, म्हणून मी मूठ वर चढवून ठेवली. सकाळी नवा पट्टा घातला आणि मूठ खाली आणायची विसरलो. साहेब म्हणाले, पहले उस रानी का लगाओ. लावलं. आवाज असता तर पहिल्या शब्दाला कळलं असतं, माणूस चिमणीसारखा चिवचिवला असता. पण आवाज नव्हता. चादरीवर लुगडं नेसलेला एक बाप्या हात फडफडवत, मान झटकत उभा होता, आणि मला हसू फुटलं. भाऊ, तो तू आहेस हे त्या घटकेला माझ्या डोक्यातच नव्हतं. दहा वर्षं मी तुला बाजूनं पाहिलं ते आवाजानंच पाहिलं असणार.

माझं हसू ऐकून बाकीचे हसले. तोवर कोणी हसलं नव्हतं. मग माझ्या ध्यानात आलं आणि मी मूठ खाली आणली, पण तुझा तुकडा संपला होता. कॅमेरावाले म्हणाले, जरा तेज चला क्या? साहेब उठून माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता विचारतील आणि मी सांगीन. तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ये टॉकीज का आदमी है, बीस हजार पब्लिक के साथ बैठा है. ऑपरेटर हसा तो पब्लिक हसेगी. पिक्चर में हंसी की जगह चाहिए थी, मिल गई. त्यांनी तिथंच ठरवलं की दुसरा तुकडा कॅमेरा सावकाश चालवून काढायचा, म्हणजे पडद्यावर भरभर दिसतो, आणि पहिल्यातली मधली मधली चित्रं मुंबईत गाळायची.

तेव्हा मी एवढंच बोलायला हवं होतं की साहेब, मूठ माझ्याकडून राहिली, पुन्हा नीट लावतो, नीट पाहा. दोन मिनिटांचं काम. नाही बोललो. मशीन नीट चालवता येत नाही म्हणून परत पाठवतील अशी भीती वाटली. शिवाय त्यांचा हात खांद्यावर होता. मुंबईचं पहिल्यांदा ते त्याच दिवशी बोलले.

तुला पत्र लिहिताना वाटलं, खरं लिहिलं तर तू दुसऱ्या तुकड्याला येणार नाहीस आणि ठपका माझ्यावर येईल. साहेबांनीही बजावलं होतं, उसको मत बताना, चेहरा बिगड जाएगा. तू पाच वेळा पडलास तेव्हा मी गोदामात पोत्याच्या फटीतून बघत होतो.

आता इथं रोज साहेब खुर्चीतून मागं वळून बघतात, मी हसतो की नाही ते. हसलो तर ठेवतात. माझी नोकरी ती आहे.

माफ कर म्हणायला तोंड नाही, तरी म्हणतो. तू म्हणशील तर मी चांद्याला येऊन चार लोकांत उभं राहून हे सांगतो.

इब्राहीम


व्याहाड
३ जानेवारी १९५६

इब्राहीम,

तुझं पत्र पोचलं. चांद्याला येऊ नकोस. चार लोकांत उभं राहून सांगितलंस तर ते त्यावरही हसतील. या पत्राला उत्तर पाठवू नकोस, आलं तरी मी फोडणार नाही.

तू हसलास, हे मला समजतं. बिनआवाजाचा, दुप्पट चालीनं मी मलाच दिसलो असतो तर मीही हसलो असतो. मूठ राहिली, हेही समजतं. हातून चूक कोणाच्या होत नाही? साहेबासमोर तोंड उघडलं नाही, त्यालाही मी कसंबसं समजून घेतलं, गरिबाच्या पोराला खांद्यावरचा हात झटकवत नाही. पण वीस फेब्रुवारीला साहेब तुझ्या तंबूत नव्हता. तिथं तू होतास, कागद होता आणि मी होतो. तू लिहिलंस, वहिनींना सांग, त्यांनी पाहावं असंच झालं आहे. ती माझ्या शब्दावर चांद्याला आली नाही, तुझ्या शब्दावर आली. तिला वाचता येत नाही, म्हणून ती ओळ मी माझ्या तोंडानं तिला वाचून दाखवली. माझ्याच तोंडानं तू तिला फसवलंस. हे मला गिळता येत नाही आणि येणारही नाही.

एक गोष्ट तुला माहीत नाही. ती कळल्याशिवाय तू सुटू नयेस म्हणून हे पत्र.

तिसऱ्या वेळी माझं मन लागलं असं मी तुला लिहिलं होतं. कसं लागलं ते लिहिलं नव्हतं. त्या वेळी मी राणीच्या लेकराला हाक मारलीच नाही. लटारूला मारली. आपल्या लटारूला, ज्याला तू खांद्यावर बसवून मंडईत फिरवायचास. तीन वेळा त्याचं नाव घेतलं. मंडळीत कोणाला माहीत नाही. मला वाटलं, गुणाबाई टॉकीजात बसेल, ते नाव तिच्या कानावर पडेल, आणि सहा वर्षं जे मला तिच्याशी बोलता आलं नाही ते बोलून होईल.

टॉकीजात पिपाणी वाजत होती. मी मनात म्हटलं, नाव बुडालं, तिला काही कळलं नाही. ती पडद्याकडे बघत शेवटपर्यंत बसली. मूलहून परतताना गाडीत बोलली नाही, घरीही बोलली नाही. मीही तो विषय काढला नाही. दिवस गेले. परवा तुझं पत्र पुन्हा वाचून मी ओसरीवर बसलो होतो. ती धान पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "तुमी लटारूले हाक मारली नं तिथी. मले ओठावरून दिसलं."

मी हो म्हणालो.

तिनं सुपातले खडे वेचून बाहेर टाकले. मग म्हणाली, "आवाज काढून टाकला थे बरंच केलं त्यायनं. नाई तं लोकं त्याच्या नावावर हासले असते."

दसरू